घर पाडायचंय? आधी कोपरे मोजून ठेवा

पाडकामाचं कोटेशन बहुतेक वेळा एका ओळीचं असतं : ‘जुने घर पाडून प्लॉट मोकळा करून देणे.’ यातला ‘मोकळा’ हा शब्द फार महागात पडतो. पाडणाऱ्या ठेकेदाराच्या लेखी जमिनीवरचं दिसेनासं झालं की प्लॉट मोकळा. बांधणाऱ्याच्या लेखी मात्र जोतं, पायाचे दगड, जुन्या टाक्या, ड्रेनेजची लाईन, कधीकाळी बुजवलेला आड, हे सगळं वर येऊन खड्डे नीट भरले गेले की मग मोकळा. या दोन मोकळ्यांमधलं काम कुणाचं, हे आधी कागदावर आलं नाही तर ते मालकाच्याच गळ्यात पडतं. म्हणून करारात खोली लिहा : जमिनीखाली किती फुटांपर्यंत काढायचं, खड्डे कशानं भरायचे, राडारोडा कोण उचलणार, निघालेलं लाकूड, लोखंड, कौलं, फरशी कुणाची. शेवटचा मोठा हप्ता खड्डे भरून झाल्यावरच द्यायचा. भंगाराच्या बदल्यात फुकट पाडून देतो म्हणणारा माणूस भंगार निघेपर्यंतच उत्साही असतो. सळया आणि चौकटी ट्रकमध्ये चढल्या की राडारोडा तुमच्या दारात राहतो.

नव्या घराचा नकाशा मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुन्याला हात लावू नये. जुनं घर जुन्या नियमांच्या काळात उभं राहिलेलं असतं. रस्त्याला किंवा शेजारच्या भिंतीला चिकटून असलं तरी ते उभं आहे तोवर बहुधा चालून जातं. एकदा पाडलं की रिकाम्या प्लॉटला आजचे नियम लागतात, सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडावी लागतात, आणि कधी कधी जुन्याइतकंही घर बसत नाही. घर तारण असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही आधीच घ्यायची.

आता कोपऱ्यांबद्दल. जुन्या घराची बाहेरची भिंत हाच बऱ्याचदा हद्दीचा शेवटचा उरलेला पुरावा असतो. ती पडली की कागदावरची लांबी-रुंदी उरते, पण ती नेमकी कुठून मोजायची ते सांगणारं काही उरत नाही. वाद तिथंच सुरू होतो, आणि तो सहा इंचांवरून होतो. म्हणून हातोडा पडायच्या आधी जोत्याचा प्रत्येक कोपरा किमान दोन, जमल्यास तीन पक्क्या खुणांपासून मोजून ठेवा. खूण म्हणजे जी हलणार नाही अशी वस्तू : शेजाऱ्याच्या जोत्याचा कोपरा, रस्त्याकडेचा खांब, मॅनहोलच्या झाकणाचा मध्य. दोन खुणांपासूनची अंतरं माहीत असली की दोन टेप ताणून तो कोपरा नंतर पुन्हा जमिनीवर उतरवता येतो. तिसरं अंतर पडताळ्यासाठी. कच्चा नकाशा काढून त्यावर आकडे लिहायचे, फोटो काढताना टेप फ्रेममध्ये दिसू द्यायचा, आणि शक्य असेल तर शेजाऱ्यांना समोर उभं करूनच मोजायचं. त्याच दिवशी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं जुन्या जोत्याची पातळी एखाद्या कायमच्या भिंतीवर रंगानं मारून ठेवा. रस्ते थरावर थर पडून उंच होत जातात. नवं जोतं किती वर घ्यायचं ते या रेघेवरून ठरतं.

शेजारच्या घराच्या भिंतींवर आधीपासून असलेल्या भेगांचेही तारखेसकट फोटो हवेत. मोठी भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरनं चिकटवायची. भेग हलली तर काच तडकते. पट्टीच्या कडेला तारीख लिहायची. या काचेच्या तुकड्यानं अनेक भांडणं सुरू व्हायच्या आधीच मिटतात, कारण ती न तडकल्याचंही दोघांना दिसतं.

वीज-पाण्यात एकच मोठी चूक होते : मीटर काढलं म्हणजे घर मेलं असं समजणं. छतावर सोलर पॅनेल असतील तर ऊन असेपर्यंत त्यांच्या तारांत वीज असतेच. इन्व्हर्टरची बॅटरी जोडलेली राहिली तर तीही. जुन्या वस्तीत शेजाऱ्याची एखादी वायर तुमच्या भिंतीतून गेलेली निघते. तेव्हा भिंत फोडायच्या आधी प्रत्येक बोर्डावर टेस्टर लावून बघायचं. गॅसची लाईन असेल तर ती गॅस पुरवणाऱ्यांनीच बंद करायची. पाण्याचं एक कनेक्शन मात्र ठेवायचं, धूळ बसवायला ते लागणारच. छतावरची टाकी रिकामी करा. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ड्रेनेजची बाहेर जाणारी लाईन प्लॉटच्या आतल्या शेवटच्या चेंबरमध्ये टोपी लावून किंवा गोणपाट आणि सिमेंटनं बुजवून टाका, नाहीतर विटांचे तुकडे मुख्य लाईनमध्ये जाऊन गल्ली तुंबते.

पाडकामाचा मूळ नियम साधा आहे : जे शेवटी बसवलं ते आधी निघतं. आधी पंखे, नळ, फरशी, खिडक्या-दारं, मग छप्पर, मग भिंती वरून खाली, मग जोतं, शेवटी पाया. दारं काढताना चौकट पहारीनं उपसू नये. चौकटीला भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, असतात, त्या शोधून कापल्या की चौकट सुटी होते आणि सागवान चिरत नाही. मात्र फार जुन्या घरात चौकट काढायच्या आधी वर बघायचं. दारावरच्या लाकडी लिंटेलला, म्हणजे वरची भिंत पेलणाऱ्या आडव्या तुळईला, आतून वाळवीनं पोखरलेलं असेल तर भिंतीचा तेवढा भार चौकटच सांभाळत असते. लिंटेलमध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. बोटभर आत गेला तर आधी टेकू, मग चौकट.

छपरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर जरा थांबा. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पत्रा अख्खा आहे तोवर त्रास कमी. फोडला, कापला, वरून फेकला की तंतू हवेत उडतात. म्हणून आधी पत्रे पाण्यानं भिजवायचे, हुकाचे नट सोडवायचे, गंजले असतील तर नट तेवढे कापायचे, पण पत्र्याला ग्राइंडर लावायचा नाही. हातोहात उतरवून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि बाकी राडारोड्यात मिसळू द्यायचे नाहीत. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही; बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्कच हवा. आणखी एक : या पत्र्यांवर पाय देऊ नका. ते माणसाचं वजन घेत नाहीत. वाशांवर फळी टाकून त्यावरूनच चालायचं.

कौलारू छप्पर उतरवताना दोन्ही बाजूंची कौलं बरोबरीनं काढायची. एक उतार रिकामा आणि दुसरा भरलेला राहिला की कैचीवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर, एकतर्फी भार येतो. कैचीची खालची आडवी तुळई सगळ्यात शेवटी. ती वाशांचे पाय एकमेकांना बांधून ठेवते. ती आधी कापली तर वासे फाकतात आणि भिंती बाहेर ढकलतात. छप्पर गेलं की दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती आधाराविना उभ्या राहतात. त्या त्याच दिवशी उतरवायच्या, रात्रीच्या वाऱ्यावर सोडायच्या नाहीत.

लाकूड परत वापरायचं असेल तर खुंट्यांचे सांधे तोडू नयेत. खुंटी ज्या बाजूनं ठोकलेली आहे तिच्या उलट बाजूनं ठोकली की निघते. प्रत्येक तुकड्यावर ऑइल पेंटनं नंबर घाला. खडूचा नंबर पहिल्या सरीत जातो. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं ओल खाऊन कुजलेली असतात, तेवढा दीड-दोन फूट भाग सोडूनच नवा उपयोग ठरवायचा. सगळे खिळे काढल्याशिवाय लाकूड कटाई मशीनवर नेऊ नका. जमिनीला न टेकवता, थरांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. सळयांच्या बाबतीत मात्र मोह नको. वाकलेली, ओढून सरळ केलेली जुनी सळई नव्या कॉलममध्ये किंवा स्लॅबमध्ये अजिबात वापरायची नाही. ती भंगारात द्यायची.

विटांचं गणित चुन्यावर की सिमेंटवर यावर ठरतं. चुन्यातली किंवा मातीतली भिंत उकलता येते, सांध्यातला चुना किंवा माती हलक्या हातानं ठोकून निघते आणि वीट अख्खी मिळते. सिमेंटची भिंत फोडली की वीटच फुटते, सांध्यातलं सिमेंट तसंच राहतं. सुटलेल्या दोन विटा एकमेकींवर आपटून बघा : खणखणीत आवाज आला तर चांगली, बद्द वाजली तर नाही. शंका असेल तर कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवा. वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती भिंतीसाठी नको. लोणा लागलेल्या विटा दिसायला कितीही चांगल्या असोत, बाहेर काढा. खार विटेच्या पोटात असतो. घासून जात नाही, नव्या प्लॅस्टरमधून पुन्हा वर येतो.

अपघात कुठे होतात हे बघितलं तर छज्जाचं नाव वर येईल. खिडकीवरचा दोन फूट बाहेर आलेला, तीन इंच जाडीचा, पाच फूट लांबीचा छज्जा सुमारे १७० किलोचा असतो. तो अधांतरी राहतो कशामुळे? लिंटेलवर बसलेल्या भिंतीच्या वजनामुळे. वरची भिंत उतरवत लिंटेलपर्यंत आणली की ते वजन गेलं, आणि छज्जा लिंटेलसकट बाहेरच्या बाजूला उलटतो. खाली विटा वेचणारा माणूस असतो. त्यामुळे भिंत उतरवायच्या आधी छज्जा फोडायचा, तोही बाहेरच्या कडेपासून आत, खालून टेकू देऊन. बाल्कनीचंही तेच. तिथं मुख्य सळया वरच्या बाजूला असतात, त्या आतल्या टोकाला कापल्या की अख्खी बाल्कनी एका दमात खाली येते.

स्लॅबचं वजन लोकांना कमी वाटतं. पाच इंच जाडीचा, १० फूट बाय १२ फूट खोलीवरचा स्लॅब जवळजवळ साडेतीन टनांचा असतो. तो एकदम पाडायचा नसतो. एकाच दिशेनं भार वाहणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळया खोलीच्या अरुंद बाजूला जातात. त्याच दिशेनं दोन-तीन फुटांचे पट्टे धरून आधी काँक्रीट फोडायचं, सळया तशाच ठेवायच्या. काँक्रीट गळून पडलं की मग सळया कापायच्या. खोली चौरसाच्या जवळपास असेल तर स्लॅब दोन्ही दिशांनी भार वाहतो. तो मधोमध सुरू करून भिंतींकडे सरकत फोडायचा. फोडणाऱ्यानं भिंतीवर किंवा बीमवर टेकलेल्या फळीवर उभं राहायचं, फोडत्या पट्ट्यावर नाही.

दुमजली घरात वरच्या मजल्याचा राडारोडा खालच्या स्लॅबवर साठवत गेले की धोका वाढतो. घरगुती स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या वापरासाठी धरलेला असतो. त्यावर एक फूट जाडीचा विटा-काँक्रीटचा ढीग पडला की चौरस मीटरला चारशे-साडेचारशे किलो झाले. वर स्लॅब जुना, सळया गंजलेल्या. म्हणून रोजचा राडारोडा रोज खाली, आणि खालच्या मजल्यावर टेकू आधीपासून लावलेले. जिना शेवटपर्यंत ठेवायचा. माणसांना उतरायला दुसरी वाट नसते.

भिंत पाडण्याचा ‘सोपा’ मार्ग म्हणजे खालून खाच मारून ढकलणे. भिंत कुठल्या बाजूला पडेल हे तिच्यावर असतं, आपल्यावर नाही. वरून दोन-तीन थर उतरवत जाणं हळू होतं, पण विटाही वाचतात. धुळीसाठी पाणी मारायचं ते विटांच्या आणि काँक्रीटच्या कामावर. मातीच्या भिंतीवर पाइप सोडू नका. माती भिजली की तिची ताकद जाते आणि भिंत जागीच बसते. तिथं हलका फवारा पुरे.

शेजाऱ्याशी सामायिक भिंत असेल तर मशीन यायच्या आधी हाताचं काम. तुमच्या भिंती त्या सामायिक भिंतीला जिथं जोडल्या आहेत तिथं दोन-तीन फुटांची पट्टी छिन्नी-हातोड्यानं वरपासून खालपर्यंत सोडवून घ्यायची. हे न करता मशीननं ओढलं की जोडाच्या विटा शेजाऱ्याच्या खोलीतलं प्लॅस्टर घेऊनच निघतात. तुमचा मजला गेल्यावर त्याची भिंत आधार गमावणार असेल तर तिरके टेकू लावून ठेवायचे, टेकूचं वरचं टोक त्याच्या मजल्याच्या पातळीला. उघड्या पडलेल्या भिंतीवर प्लॅस्टर नसतं. पहिल्याच पावसात त्याच्या घरात ओल येते. ताडपत्री किंवा वॉटरप्रूफ प्लॅस्टर हा पाडकामाच्या खर्चातच धरायचा भाग आहे.

राडारोडा किती निघेल याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. १,००० चौरस फुटांचं एकमजली स्लॅबचं घर घेऊ. भिंतींची एकूण लांबी २०० फूट, उंची १० फूट, जाडी ९ इंच धरली तर १,५०० घनफूट; दारं-खिडक्या वजा करून १,३००. स्लॅब पाच इंचांचा, म्हणजे ४१७. फरशी आणि तिच्याखालची भर चार इंच, ३३३. प्लॅस्टर वगैरे दीडशे. सगळे मिळून २,२०० घनफूट. पण फुटलेला माल पोकळ रचला जातो, दीडपट होतो : ३,३०० घनफूट, म्हणजे ३३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). यात जोतं आणि पाया अजून आलेलाच नाही. हा आकडा आधी काढून ठेवला की गाड्यांच्या फेऱ्यांचा वाटेल तो आकडा कुणी गळ्यात मारू शकत नाही.

यातलं काय जोत्यात भरायला चालतं? विटांचे आणि काँक्रीटचे मुठीएवढे तुकडे, मुरूम मिसळून, थरावर थर दाबून. लाकडाचा भुसा-फळकुटं, गवत, चिंध्या, जिप्समचं प्लॅस्टर आणि पीओपीचे तुकडे नाही. लाकडानं वाळवीला बोलावणं जातं. जिप्सममधले सल्फेट ओलाव्याबरोबर काँक्रीटला खातात. निवड पाडतानाच करावी लागते. एकदा मशीननं सगळं एकत्र केलं की कुणीही वेगळं करत बसत नाही.

सेप्टिक टँक, जिला सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात आणि जिच्याइतकी असुरक्षित जागा प्लॉटवर दुसरी नसते, ती मशीन आत घेण्याआधी शोधून तिच्याभोवती खुणा करा. बॅकहो लोडर, म्हणजे आपण ज्याला जेसीबी म्हणतो ते, सात-आठ टनांचं धूड असतं. टाकीचं जुनं झाकण ते पेलत नाही. टाकी मैला उपसणाऱ्या गाडीनं रिकामी करायची. रिकामी झाली तरी माणूस आत उतरवायचा नाही, दोन मिनिटांसाठीही नाही : तळाच्या गाळातून विषारी वायू सुटतो आणि एकाला काढायला दुसरा उतरतो. झाकण वरूनच मशीननं फोडायचं. टाकी नव्या फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीच्या, आड येत असेल तर तळासकट काढायची. येत नसेल तर तळाला भोकं पाडून, म्हणजे पाणी साचणार नाही, वाळू-मुरमानं थरांत भरायची.

आणि पाया. जुन्या दगडी पायाचा तुकडा नव्या फुटिंगच्या अर्ध्या भागाखाली राहिला तर फुटिंगचं एक अंग दगडावर, दुसरं मातीवर बसतं. माती थोडी दबते, दगड दबत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी भिंतीत तिरकी भेग येते. म्हणून फुटिंगच्या जागेतला जुना पाया पूर्ण काढायचा. तो काढल्यावर उरलेली चर मूळ घट्ट जमिनीपर्यंत साफ करून कमी सिमेंटच्या काँक्रीटनं, १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) चालतं, फुटिंगच्या तळापर्यंत आणायची. तिथं माती भरू नका. इतर खड्डे मुरमानं भरताना सहा ते आठ इंचांचे थर, हलकं पाणी, आणि प्रत्येक थरावर माती दाबणारं प्लेट कॉम्पॅक्टर मशीन. चार फूट एकदम भरून वर पाइप सोडला की माती बसते ही समजूत वाळूपुरती खरी आहे.

नवं घर जुन्यापेक्षा मोठं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जुन्या घराखालची माती वर्षानुवर्षं भाराखाली दबलेली आणि छपराखाली कोरडी असते. अंगणातली माती मोकळी आणि ओलसर. नवं घर दोन्हींवर पसरणार. जमीन फुगणारी काळी असेल तर हा फरक दरवर्षी हलतो. म्हणून माती-परीक्षणाचा खड्डा फक्त अंगणात घेऊन भागत नाही. एक जुन्या घराच्या आत, एक बाहेर, आणि दोन्हींचे निकाल डिझाइन करणाऱ्याकडे. मोठं झाड काढलं असेल तर त्याची जागाही नकाशावर दाखवा.

फुटिंगचे खड्डे खणून झाले की पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळईचं काँक्रीट, ओतायच्या आधी प्रत्येक खड्ड्यात १२ मिलिमीटरची सळई घ्या आणि चारही कोपऱ्यांत व मध्ये, सारख्याच ताकदीनं हातोड्याचे सारखेच ठोके मारून आत घाला. चार ठिकाणी बोटभर आणि पाचव्या ठिकाणी वीतभर गेली तर तिथं कधीतरी काहीतरी बुजवलेलं आहे. आड असू शकतो, शोषखड्डा असू शकतो. तो कोपरा हातानं उकरा, घट्ट लागेपर्यंत. तोवर काँक्रीटची गाडी बोलावू नका.